शाई न लागलेलं बोट

"या बाईंना ओळखणारं कोणी आहे का इथे?"

शाळेच्या वर्गातल्या मतदान केंद्रातून साहेबांचा आवाज बाहेर आला. मी ओळीत उभी होते; माझी मान आपोआप खाली गेली. आत टेबलापुढे द्वारकामावशी उभी होती. पदर डोक्यावरून घट्ट, आणि डाव्या हाताची तर्जनी शाईसाठी आधीच पुढे केलेली.

द्वारकामावशी आमच्या आळीची कासारीण. मी आठ वर्षांची असल्यापासून माझ्या हातात बांगड्या तीच भरायची. मी मुंबईला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहायचे; सुट्टीत रत्नागिरीला आले की आई तिला निरोप धाडायची. पडवीत बसून ती माझा हात मांडीवर घ्यायची आणि तोंडाकडे न बघताच बोलायची. "काय गो बाय, लिवून लिवून बोटं कडक केलीस!" माझं मराठी पुस्तकी होतं, चुलतभावंडं हसायची. मावशी कधी हसली नाही. "हात सैल सोड," एवढंच म्हणायची, आणि बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही.

तिला माणसं मनगटावरून आठवत. बुरख्यातल्या बायका दाराआडून नुसता हात पुढे करायच्या, तरी ती नाव घेऊन चौकशी करायची. "तोंड इसरेन, मनगट नाय इसरणार." तिचे स्वतःचे हात मात्र मोकळे होते. दत्तू कासाराची ती दुसरी बायको. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच तो गेला.

स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक आली तेव्हा मला एकवीस वर्षं पूर्ण झाली होती. मावशीने आपली मतदानाची चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग आवाज खाली आणून विचारलं, "बोटाला शाई लावतात म्हणे. माज्यासारखीला पण लावतील?"

"सगळ्यांनाच लावतात."

"बघ हां! जल्मभर लोकांचे हात भरले. आता सरकार माजा भरणार." आणि इतकी हसली, की आतून आई बघायला आली.

आणि आता त्या टेबलापाशी एका उमेदवाराचा माणूस साहेबांना सांगत होता, "दत्तू कासाराची बायको मेली, साहेब. मी स्वतः तेराव्याला जेवलोय." तो खोटं बोलत नव्हता. मावशीचा सगळा वावर बायकांत. पुरुषांनी तिला नीट पाहिलंच नव्हतं.

"ती पयली," मावशी म्हणाली. "मी दुसरी."

"ते कोण सांगणार?"

ओळीत माझ्याखेरीज दोघीच होत्या, त्याही दुसऱ्या आळीच्या. त्या वेळी मला वाक्य सुचलं नाही, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. वाक्य तयार होतं. पण तो माणूस वडिलांच्या ओळखीचा होता, आत सगळे पुरुष होते, आणि मी बोलले असते तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं.

"तुम्ही ओळखता का, बाई?" साहेबांनी मलाच विचारलं.

मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मावशी वळली. तिने आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"ऱ्हाऊंदे, साहेब. मुंबयची पोर ती. मला काय ओळखणार?"

बोट पदरात घेऊन ती बाहेर पडली. "ओळखीचं माणूस घेऊन या," साहेब मागून म्हणाले. ती परत आली नाही. मी आत गेले, बोट पुढे केलं, मत दिलं.

संक्रांतीला ती नेहमीसारखी बांगड्या घेऊन आली. माझा डावा हात घेतला आणि शाईच्या काळ्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"अजून गेली नाय गो?" मग अंगठा तसाच ठेवून, "लावतात तेवां गार लागते?"

"हो," मी म्हणाले.

"हात सैल सोड."

हात सैल सुटेना. दोन बांगड्या पिचल्या, माझ्या तळव्यावर रक्ताचा थेंब आला. आई बाहेर येताच मावशी म्हणाली, "माजाच हात चुकला आज, वयनी."

पुढच्या निवडणुकीआधीच्या पावसाळ्यात ती तापाने गेली.

निवडणुकीला पुन्हा तीच शाळा, तोच वर्ग. कारकून माझं नाव शोधत यादीवर पट्टी सरकवत होता. मध्येच पट्टी थांबली. "द्वारका दत्तू कासार. या तुमच्याच आळीतल्या ना? आहेत की मयत? कोणी ओळखतं का यांना?"

त्याच्या हातात पेन्सिल होती. मी बोलले की त्या नावावर रेघ पडणार, हे दिसत होतं. मागे ओळ होती, बाकावर उमेदवारांची माणसं होती. सगळ्यांनी वळून पाहावं इतक्या मोठ्याने मी म्हणाले,

"मी ओळखते. दत्तू कासारांची दुसरी बायको. वारल्या त्या. पण मागच्या वेळी इथे येऊन मत न देता परत गेल्या, त्या त्याच होत्या."