शेपूट कापलेली गाठ

माझ्या मुलीच्या दप्तरातून घरी येणाऱ्या कुठल्याच वस्तूला मी आपणहून हात लावत नाही. ती तिसरीत आहे आणि मी सहावीतून शाळा सोडलेली. म्हणजे तसा अजून मी तिच्या पुढेच आहे. पण तिने गणिताचं पुस्तक उघडून "पप्पा, हे कसं?" असं विचारलं की मला एकदम कारखान्यातलं काहीतरी काम आठवतं. एकदा चष्मा सापडत नाही असंही सांगून पाहिलं. मला चष्माच नाही, हे बायकोने तिथल्या तिथे जाहीर केलं.

माझं गाव गोंदियाकडे, धानाच्या पट्ट्यात. सोळाव्या वर्षी ओळखीच्या एका माणसाबरोबर सोलापूरला चादरीच्या मागावर आलो आणि इथलाच झालो. बायको जवळच्याच मंद्रूपची. परक्या गावात ज्याने त्याने सांभाळून घेतलं, त्यामुळे मला आभार मानायची खोडच लागली आहे. कंडक्टरने तिकीट दिलं तरी मी "उपकार झाले" म्हणतो. आणि जिथे उपकार होतात तिथे आपल्या हातून काहीतरी बिघडेल ही धास्तीही असतेच. शाळेच्या फाटकात तर ती दुप्पट होते.

त्या वर्षी सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या आमच्या वसाहतीच्या शाळेत नवीन मॅडम आल्या आणि त्यांनी बुलबुल पथक सुरू केलं. बुलबुल म्हणजे लहान मुलींचं स्काउट. शाळा सुटली की मैदानात गोल करून नाच, पळापळीचे खेळ, सॅल्यूट, वचन पाठ म्हणणं असं सगळं चाले. आमची पोरगी घरात चालायचीच बंद झाली, मोरीपर्यंतसुद्धा उड्या मारत जायची. मग एक दिवस बातमी आणली. कुर्डुवाडीला मेळावा आहे, रेल्वेने जायचं आहे, आणि पथकातल्या नऊ जणींपैकी सहाच जणी जाणार आहेत. शनिवारी मैदानावर चाचणी. सॅल्यूट, वचन, नाच आणि दोन दोऱ्या जोडायची गाठ.

"बाकी सगळं येतंय. गाठच सुटती," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. ती कधी रेल्वेत बसली नव्हती. "पप्पा, तुम्हाला येती का हो गाठ?"

मला येती का! चौदा वर्षं मी दुसरं काय करतोय? मागावर उभा धागा तुटला की तो जोडायचा, पुन्हा तुटला की पुन्हा जोडायचा. दिवसाला किती गाठी मारतो कुणास ठाऊक. त्या दप्तरातून पहिल्यांदाच असं काही बाहेर आलं होतं, की जे मला येतं. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, तरी केल्या.

बायको चूल आवरत होती. ती म्हणाली, "आवं, मॅडमनी वहीत चित्र काढून दिलंय म्हणं. ते तरी बघा की आधी."

"गाठीत काय चित्र बघायचं? गाठ हातात असते."

"व्हय, आणि वही बघितली तर डोळं जात्यात. साळा सोडल्यापासनं तुमी साळंवर लई रुसलाय."

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि शिकवायला बसलो. दोन टोकं डाव्या हाताच्या चिमटीत एकावर एक धरायची, धागा अंगठ्यावरून फिरवायचा, एक टोक त्यातून आत घालायचं, ओढायचं. झालं. मग सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही टोकांची शेपटं अगदी गाठीपाशी कापायची. कारण शेपूट राहिलं तर ते फणीत अडकतं, परत धागा तुटतो आणि चादरीवर फुसका, म्हणजे तुटक्या धाग्याची रेघ, दिसतो. पुढे मालकाच्या तोंडून तेलुगूत जे ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही, मलाही त्यातलं निम्मंच कळतं.

"शेपूट ठेवलं तर गाठ अर्धी," मी तिला बजावलं. "कात्री कायम जवळ पाहिजे. कात्री नसलेला माणूस मागावर उभा राहायच्या लायकीचा नाही."

पोरगी हुशार. दोन दिवसांत धाग्यावर, मग लेंग्याच्या नाडीवर, मग बायकोच्या नवीन परकराच्या नाडीवर तिचा हात बसला. नाड्या आखूड होत गेल्या, त्यावरून घरात बोलणी झाली. पण मी इतका खूष होतो की कारखान्यात शेजारच्या मागावरच्या माणसाला म्हटलं, "शाळेत आपलीच विद्या लागते बघ." तो म्हणाला, "मग तुला का काढला?" मी म्हटलं, काढला नाही, मीच सोडली. तो म्हणाला, तेच ते.

शनिवारी पाळी बदलून घेतली, शर्टाला इस्त्री केली आणि फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मॅडमनी हाक मारली, "पालकांनी आत येऊन बसा ना." बाकीचे बसले. मी मात्र पाण्याच्या टाकीआड सोयीची जागा शोधली. तिथून सगळं दिसत होतं आणि मी कुणाला दिसत नव्हतो.

सॅल्यूट झाला, वचन झालं, नाचात तर माझी पोरगी सगळ्यांच्या अर्धं पाऊल पुढेच होती. मग मॅडमनी प्रत्येकीच्या हातात करंगळीएवढ्या जाड सुती दोरीचे दोन तुकडे दिले. कोऱ्या, पांढऱ्या, पथकासाठी मुद्दाम आणलेल्या दोऱ्या. शिट्टी वाजली. बाकीच्या जिभा बाहेर काढून गुंडाळत होत्या, तोवर हिची गाठ झालीसुद्धा. मी टाकीवर हळूच थाप मारली.

आणि तिने स्कर्टच्या खिशातून माझी धागा कापायची कात्री काढली.

तिथेच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, वा, विसरली नाही! धागा कापायच्या कात्रीने करंगळीएवढी दोरी कापायला वेळ लागतो. ती ओठ दाबून कचाकचा कापत होती आणि मॅडम, ही नक्की काय करते आहे, म्हणून बघत होत्या. पहिलं शेपूट खाली पडलं. मग दुसरं. पालक हसले, मुली हसल्या. माझी पोरगी गाठ पुढे धरून ताठ उभी होती.

"हे तुला कुणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं.

तिने सरळ पाण्याच्या टाकीकडे बोट केलं.

मी बाहेर आलो. हात आधीच जोडलेले होते. "मॅडम, माझी चूक आहे. तिची काही नाही. दोरी मी नवीन आणून देतो, आजच आणून देतो. तिला तेवढं..."

"अहो, थांबा जरा." त्यांनी गाठ दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. सुटली नाही. "मी रीफ नॉट सांगितली होती. ही शीट बेंड आहे."

त्यांनी असं नाव घेतल्यावर मला तो एखादा आजारच वाटला. "बरी होईल ना मॅडम?" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या हसल्या, पण हसू आवरून म्हणाल्या, "गाठ पक्की आहे. स्काउटमध्ये ही पण शिकवतात, पण पुढे. आज मागितली होती ती हिला येत नाही आणि बाकीच्यांना एक नियम, हिला दुसरा, असं मला करता येणार नाही." मग पोरीकडे वळून म्हणाल्या, "पाच जणी झाल्या, चुकलेल्या चौघींना सोमवारी एक संधी आहे. वहीतलं चित्र बघून शिकायचं. आणि दादा, तुम्ही शिकवू नका."

माझ्या उत्साहापायी पोरीची रेल्वे चुकत होती. घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली. बायको म्हणाली, "म्या काय म्हनलं हुतं?" आणि नशिबाने तिथेच थांबली.

रविवारी ती वही घेऊन बसली आणि मी तिच्या समोर. शिकवायला नव्हे. तिला दोरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. चित्राखाली मॅडमनी लिहिलं होतं, ते ती बोट ठेवून वाचत होती. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. तिने केलं, सुटलं. परत केलं. तिसऱ्या खेपेला चपटी, सरळ गाठ बसली. म्हटलं, मीही करून बघतो. माझे हात आपोआप अंगठ्यावरून दोरी फिरवायला लागले.

"पप्पा, आधी वाचा की," ती म्हणाली.

मी वही जवळ ओढली. मोठ्याने वाचलं, अडखळत. तिने मध्ये दोनदा शब्द सांगितला, हसली नाही. तरी माझी गाठ उलटीच झाली. "राहू द्या, मला येतीय," म्हणाली आणि दोरी गुंडाळून ठेवली.

सोमवारी मला पाळी सोडता आली नाही. त्या दिवशी माझ्या मागावर जितके धागे तुटले तितके पुऱ्या आठवड्यात तुटले नसतील. संध्याकाळी घरी आलो तर ती दारात दोरीवरच्या उड्या मारत होती. विचारायची हिंमत होईना. चप्पल काढली, पाणी प्यालो, परत प्यालो.

"झाली गाठ," ती उड्या न थांबवता म्हणाली. "सहावा नंबर. शुक्रवारी रेल्वे."

मी लगेच म्हटलं, "मी येतो स्टेशनवर सोडायला. पाहिजे तर कुर्डुवाडीपर्यंत येतो. सुट्टी मागतो."

"पालकांनी यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"कुणाच्याच?"

ती थांबली. दोरी पायाशी गोळा झाली. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायची तिला अजून सवय नाही.

"दुसऱ्यांचे येणारेत," ती म्हणाली. "मीच सांगितलं मॅडमना, की माझ्या पप्पांना काम हाय."

"बरं केलंस," मी म्हणालो. "आहेच काम."