बाजूले बसलेले साहेब

पेट्रोलचा वास आला की मले अमरावतीतली लायसन्सची परीक्षा आठवते. मी मालकाचा गाडीवान, त्यानं नवी मोटर घेतली होती; नापास झालो तर तो परत बैलगाडीवरच धाडणार होता. तवा परीक्षा पोलीसच घेत; साहेब बाजूले बसले अन् म्या मोटर सुरू केली. बडनेऱ्याच्या रस्त्यावर समोरून कापसाची बैलगाडी आली. भेवानं ब्रेक सुचलाच नाही, कासरा ओढावा तसं स्टेरिंग छातीशी ओढून मी बोंबललो, "हो, हो रे राजा!" समोरचे बैल जागीच थांबले, मोटर मात्र चाललीच. साहेबांनी हातब्रेक खेचला तवा बैलाचं शिंग काचेजवळ होतं. "बैल तुझं ऐकतात, मोटर ऐकत नाही. पुन्हा ये," साहेब बोलले. दुसऱ्या खेपेले लायसन्स घेतलंच म्या. पण आजही बाजूच्या सीटवर मले साहेबच दिसतात, म्हून बायको तिथं बसाले आली की म्हणतो, "मांगं बस वं, तिथं हवा चांगली लागते."