धर्मराजची दश्शी

धर्मराज मूळचा युसूफ वडगावचा, नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या काट्यावर. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आत नुसत्या बैलांच्या चालीवरून तो वजन सांगायचा, आणि ते बहुतेक बरोबर निघायचं. पण सत्याऐंशीच्या दुष्काळात शिवारात उसाचं टिपरूसुद्धा उरलं नाही. गाळप बंद, काटा बंद. क्लबात साहेबलोकांना ब्रिजसाठी चौथा गडी कमी पडत होता, तिथं लॅबच्या राधाकिशन साहेबांनी धर्मराजला ओढून बसवलं.

आकड्यांत गडी पक्का. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, सगळे मिळून चाळीस, हे त्याला एका दुपारी पाठ झालं. अडचण एकच होती. लहानपणापासून तो मेंढीकोट खेळलेला. त्या खेळात दश्शी म्हणजे मेंढी, ती जिवापाड जपायची. समोरच्यांनी पकडली की माणसाला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. ब्रिजमध्ये दश्शीला एकही गुण नाही. तरी धर्मराज एक्का टाकील, राजा टाकील, दश्शी मात्र छातीशी.

"तुझी मेंढी कुणी कापून खात न्हाई बे! सोड तिला!" राधाकिशन साहेब कपाळावर हात मारायचे.

"कळतंय साहेब. हात न्हाई ऐकत."

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं, पण मधे पाणी आलं. म्हणजे आलं नाही, तीच पंचाईत. कॉलनीत दोन लाइनी: वरची अधिकाऱ्यांची, खालची बाबूलोकांची, धर्मराजही तिथलाच. राधाकिशन साहेब अधिकारी असूनही क्वार्टरच्या टंचाईनं खालच्या लाइनीत राहात. टँकर दिवसाआड यायचा. आधी लागेल त्या लाइनीला पाणी, दुसरीला तळाचा गाळ. महिनाभर भांडणं झाल्यावर कॉलनीची सभा भरली. सगळी माणसं सहकारात मुरलेली, सूचक-अनुमोदकाशिवाय शिंकसुद्धा न देणारी. ठराव झाला की दोन लाइनींचा ब्रिजचा सामना व्हावा, आणि जिंकेल त्या लाइनीला पाऊस पडेपर्यंत टँकर आधी लागावा. सूचक, वरच्या लाइनीचे इंजिनिअर निवृत्तीराव. अनुमोदन, उत्साहाच्या भरात, खुद्द धर्मराज.

"अवो, डोकं ठिकाणावर हाय का?" धर्मराजची बायको वत्सलाबाई घरात कडाडल्या. "पोरगी बाळंतपणाला आलीय, आज-उद्यावर हाय. बाळाला गाळानं न्हाऊ घालू व्हय? आन् तुमी पाणी पत्त्यावर लावून आलाव!"

"ठराव झालाय."

"ठरावानं लंगोट धुऊन निघत्यात का?"

धर्मराज चपला घालू लागला. लेक सिंधू आतल्या खोलीत कुशीवर झोपली होती. तिच्याकडे बघायचीही त्याला चोरी झाली.

रविवारी दुपारी क्लबात पंख्याखाली सामना सुरू झाला. खालच्या लाइनीची चांगली आघाडी होती. एका डावात दश्शी राखता राखता धर्मराजनं आघाडीच घालवली. आता शेवटचा डाव, आणि दोन्ही लाइनी बरोबरीत.

त्याच्या डाव्या हाताला बसलेल्या निवृत्तीरावांनी बोली उघडली. "एक बदाम."

"दोन किलवर," समोर बसलेले जोडीदार राधाकिशन साहेब.

निवृत्तीरावांचे जोडीदार, उजवीकडचे शेतकी अधिकारी, यांनी पास म्हटलं.

"तीन नो ट्रम्प," धर्मराज म्हणाला. म्हणजे हुकूम नाही आणि तेरापैकी नऊ हात करून दाखवायचे.

निवृत्तीरावांनी बदाम टाकलं. राधाकिशन साहेबांनी आपली पानं उताणी मांडली. आता ते डमी. डमीनं तोंड उघडायचं नाही असा नियम, म्हणून त्यांनी रुमाल चावायला घेतला.

धर्मराजनं बदामाच्या एक्क्यानं पहिला हात घेतला आणि थांबला. हमखास हात चार. पाच किलवरमधून काढायचे. डमीत किलवरचा एक्का, राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी. त्याच्या हाती दश्शी आणि दोन बारकी पानं. राजा बाहेर. तो वापरून वरच्या लाइनीनं एक हात घेतला, की मागोमाग बदामांची रांग लागणार आणि डाव बुडणार. वाट एकच. राजा डाव्या हाताला असेल तर दश्शी पुढं सोडायची. राजा आला तर डमीचा एक्का त्याला खाईल. न आला तर दश्शीच हात घेईल. पण राजा उजवीकडं असला तर? दश्शी गेली, डाव गेला, पाणी गेलं.

"काटेबाबू, ट्रॉली मोजताय का? आटपा की," निवृत्तीराव म्हणाले.

मोजतच होता तो. आपले चौदा, डमीचे बारा, झाले सव्वीस. चाळिसातून उरले चौदा. निवृत्तीरावांनी बोली उघडली, म्हणजे त्यांच्याकडं कमीत कमी बारा. मग शेतकी अधिकाऱ्यांकडं उरले फार तर दोन. आणि राजाचे तर तीन असतात!

हिशोब पुरा झाला तरी हात उठेना. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि किलवरची दश्शी टेबलावर टाकली. राधाकिशन साहेबांच्या तोंडातला रुमाल खाली पडला.

निवृत्तीरावांनी बारकं पान टाकलं. डमीतून अठ्ठी. शेतकी अधिकाऱ्यांनी पानं खालीवर केली, उसासा सोडला आणि दुर्री टाकली.

दश्शीनं हात घेतला. पुढचं किलवर गुलामानं काढलं, आणि तिसऱ्या वेळी एक्क्याखाली निवृत्तीरावांचा राजा आपसूक आडवा झाला.

"नऊ!" राधाकिशन साहेब ओरडले. "बोलायला मोकळा झालो बे मी!"

धर्मराज दश्शी परत छातीशी धरून बसला होता. निवृत्तीरावांनीच हात देऊन उठवलं. "लई घाम काढलात, काटेबाबू. पोरीला सुखरूप होऊ द्या."

सोमवारी टँकर खालच्या लाइनीला लागला. बुधवारी सकाळी सिंधूला मुलगी झाली. वत्सलाबाईंनी बंबातलं ऊन पाणी घंगाळात ओतलं, आत बोट बुडवून बघितलं आणि नातीला पायावर घेतलं. नात असं रडली की वरच्या लाइनीच्या बायकाही बघायला आल्या. बाहेर ओसरीवर धर्मराज भरल्या ड्रमला टेकून, तोंड उघडं टाकून, इतक्या दिवसांची झोप एका दमात काढत होता.