ठिपका हलतोय ना, मग झालं!

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या दुकानात तर ते आपल्या पायांनी येतात, खुर्ची ओढून बसतात आणि वर चहा मागतात! जुन्नरच्या स्टँडजवळ आमचं जीपीएस बसवायचं दुकान आहे. आमचे हे गाडीखाली शिरून वायरी जोडतात आणि मी स्क्रीनसमोर बसते. कुणाला ॲप उघडता येत नाही, कुणाचा पासवर्ड हरवतो, कुणाचा ठिपका नकाशावर अडकतो, की लागला मला फोन. पार पेठ गावापर्यंत कुणाची गाडी कुठं उभी आहे ते मला बसल्या जागी दिसतं. ती का उभी आहे हे मात्र हळूहळू कळत गेलं. तेव्हापासून माझी जीभ जरा जास्तच तिखट झालीय, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत.

*

बबनभाऊ टोमॅटोच्या गाडीवर ड्रायव्हर. मालकानं गाडीला जीपीएसची डबी बसवून घेतली त्या दिवशी ते दुकानात बसून राहिले, चहा प्यायले, पण उठेनात.

"वहिनी, ह्यात मी दिसतो का?"

"नाही हो भाऊ, फक्त गाडी दिसते."

"बोलल्यालं ऐकू जातं?"

"नाही."

"डोळ्यावर झापड आली, जेवलो न्हाई, पाठ धरली, त्यातलं काय कळतं का मालकाला?"

"त्यातलं काही नाही कळत."

"मग कळतं तरी काय?"

"तुम्ही थांबलात, की तेवढं कळतं."

बबनभाऊंनी कप खाली ठेवला. "हां! म्हंजी त्यांच्या कामाचं तेवडंच!"

*

एक गृहस्थ बायकोची स्कूटर घेऊन आला. "तिला सर्व्हिसिंगला नेतोय म्हणून सांगितलंय," असं वर हसून सांगितलं म्हणे. मी तेव्हा बाजारात गेले होते. मी दुकानात असते तर पान्याला हात लावू दिला नसता! पण आमच्या ह्यांनी आरसी बुक बघितलं, नाव नवऱ्याचंच होतं, बसवली डबी. परत आल्यावर मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आठवड्यानं तो परत आला. तोंड लाल झालेलं. म्हणाला, गाडी रोज दुपारी गावाबाहेरच्या देवळापाशी थांबते. रोज! मग काय, हा कामावर दांडी मारून तिच्या मागावर गेला.

"कोण होतं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"कुणीच न्हाई! एकटीच पारावर बसली व्हती. हातात मोबाईल सुदिक न्हाई!" त्याचा आवाज चढला. "कुणी असतं तर मला समजलं तरी असतं, राव!"

"मग तिला विचारायचं ना," मी म्हटलं.

"इचारलं की. म्हनली, हितं मला कुणी हाका मारत न्हाई."

मला वाटलं, याच्या डोक्यात आता तरी काही उजेड पडला असेल. मी जरा मऊ आवाजात विचारलं, "मग काय केलंत?"

"करनार काय? चावी काढून घेतली."

*

बिबट्यांचं तर आमच्याकडं विचारूच नका. अंगणात कुत्रं राहिलं नाही. एकदा आम्ही एका वस्तीवर ट्रॅक्टरला डबी बसवायला गेलो होतो. उसाच्या कडेला एक बाई गवत कापत होती. कापता कापता आमच्याकडं बघत होती.

"बिबट्याच्या गळ्यात आसलंच बांदत्यात ना?"

"हो, एखाद्याला बांधतात, मावशी."

"मग त्यो कुटं हाय ते सायबाला कळतं?"

"कळतं."

"आन् मी कुटं हाय ते बिबट्याला कळतं," ती म्हणाली. विळा काही थांबला नाही. "त्या दोगान्ला सगळं ठावं हाय, आन् गवात मला कापायचंय!"

*

दगडूबाबांच्या घरी ट्रॅक्टर आला आणि थोरला म्हणाला, आता बैल कशाला? बाबा बाजाराच्या आधी हौशा बैलाच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा घेऊन आमच्याकडं आले. म्हणाले, ह्यात डबी शिवून दे. हौशा कुणाच्या दावणीला जातो तेवढं बघू दे, मग काढून टाक.

हौशा बेल्ह्याच्या बाजारात विकला गेला. दुसऱ्या दिवसापासून बाबा एसटीनं दुकानात हजर. "पोरी, कुटंय माजा हौशा?" मी स्क्रीन फिरवून दाखवायची. घेणारा निघाला व्यापारी. त्यानं हौशाला टेम्पोत घालून पुढच्या बाजाराला नेलं. तिथं गिऱ्हाईक नाही. तिथून आणखी एका बाजाराला. तिथंही नाही. म्हातारा बैल, दात बघितले की लोक पुढं जात असणार. असं करत करत एक दिवस ठिपका परत बेल्ह्याला येऊन थांबला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, जा आणि घेऊन या त्याला घरी. तुमचाच आहे तो."

"आनला असता, पोरी." बाबांनी टोपी काढून डोक्यावरनं हात फिरवला. "पर थोरला म्हनंल, म्हातारा एक पोसतोय ते काय कमी हाय?"

*

कांतिशेठ जुन्या बाजारपेठेतले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण कांतिशेठ भांडतात ते आमच्यासारखंच, अस्सल जुन्नरी! पोरं पुण्यात स्थायिक झाली, दुकान बंद झालं, बायको गेली. मग शेठ रस्ते विसरायला लागले. पोरांनी गळ्यात घालायची डबी घेतली आणि वडिलांची काळजी मिटवून टाकली.

एक दिवस धाकट्याचा फोन आला. "मॅडम, दोन दिवस बाबांचा ठिपका जागचा हललेला नाहीये. डिव्हाइस फॉल्टी दिसतंय. वॉरंटीत आहे ना?"

"बाबांना फोन लावला का?"

"नाही, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

मी तशीच चप्पल घालून गेले. शेठ पडून होते. अंगात ताप, उशाशी कोरडा ग्लास. शेजारणीला हाक मारली, डॉक्टर आणला, पेज केली. जरा डोळे उघडल्यावर त्यांनी गळ्याकडं हात नेला. "डबी बिघडली का गं?"

"नाही शेठ, चांगली आहे."

"मग त्यांना कळव बाई. उगाच काळजी करत बसतील पोरं."

मला रडू आलं आणि रागही आला. बाहेर ओट्यावर येऊन मी धाकट्याला फोन लावला. सांगितलं, बाबांना ताप आहे, दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत, म्हणून ठिपका हलला नाही.

तिकडून तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे डिव्हाइस ओके आहे!"

*

उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरला जीपीएस लावायला लागतो. टँकर खरंच वस्तीवर गेला की मधेच कुठल्या ढाब्यामागं रिकामा झाला, हे कळावं म्हणून. कल्पना चांगली आहे, नाही कोण म्हणतंय!

पेठ गावाच्या वरच्या अंगाला पठारावर एक वस्ती आहे. वस्तीला एकच विहीर, आणि उन्हं तापली की तिच्या तळाला नुसती ओल राहते. टँकर आला, विहिरीत ओतला, की बाया पाणी शेंदून घेणार. नाहीतर डोक्यावर हंडे घेऊन खालच्या गावापर्यंत पायपीट. त्या टँकरची डबी आमच्या ह्यांनी स्वतः बसवली होती. ठेकेदार कोण ते विचारू नका, मला याच गावात राहायचंय.

स्क्रीनवर सगळं कसं झकास! टँकर रोज भरायच्या जागेवरून निघतो, पठारावर चढतो, विहिरीपाशी उभा राहतो. रिकामा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभा राहतो, मग परत फिरतो. एक खेप चुकत नव्हती. मी मनात म्हटलं, चला, आपल्या धंद्यात एक तरी माणूस धड भेटला.

मग माझ्या लक्षात आलं, की भरलेला टँकर चढावर रिकाम्यापेक्षा जोरात पळतोय. ह्यांना दाखवलं.

"इंजिन नवं असेल," हे म्हणाले. ह्यांचा लोकांवर फार विश्वास!

पुढच्या दिवशी टँकर ओढ्यातल्या पायवाटेनं गेला. ती वाट मला माहीत आहे. तिथून दोन बायका शेजारी शेजारी चालू शकत नाहीत! मी परत ह्यांना हाक मारली. ह्यांनी बराच वेळ स्क्रीनकडं बघितलं आणि गाडीची किल्ली घेतली. "चल, बघून येऊ."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. विहिरीत वाकून बघितलं तर तळाला भेगा पडलेल्या. ओलसुद्धा गेली होती. लिंबाखाली चार-पाच बाया रिकामे हंडे पुढ्यात घेऊन टेकल्या होत्या. नुकत्याच खालून येऊन, घरी ओतून, परत निघायच्या बेतात होत्या. त्यांतल्या एका म्हातारीला मी विचारलं, "मावशी, आज टँकर येऊन गेला का?"

"कुटला टँकर? मागल्या वर्साला येत व्हता. औंदा एकदाबी दिसला न्हाई."

"मग रोज इथं कुणी येतं का?"

"येतो की! सायेब येतो एक, फटफटीवर. एक दिस खाडा करत न्हाई." म्हातारीच्या तोंडावर कौतुक. "सीटमागं काळी डबी बांदल्याली आसती, लाल दिवा लुकलुकतो तिच्यात. हिरीपाशी फटफटी लावतो, हितं सावलीला बसतो, मोबाईल बगतो, आन् जातो माघारी."

आमच्या ह्यांनीच टँकरला बसवलेली डबी होती ती! डबीला काय, बॅटरी मिळाली की झालं, टँकरची असो नाहीतर फटफटीची. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"तुमच्याशी काही बोलतो का तो?"

"कायबी बोलत न्हाई. पर मानूस चांगला हाय. येवड्या उनाचा रोज येऊन हीर बगून जातो, म्हंजी वर जाऊन सांगतच आसंल ना? आता टँकर मंजूर व्हनारच आमचा!" बाकीच्या बायांनी माना डोलावल्या.

मी सांगायला तोंड उघडलं. पण म्हातारी तोवर उठून खोपटात गेली होती. बाहेर आली ती तांब्या घेऊन. "घ्या पावणं, उनाचं आलाय."

मी तांब्या हातात घेतला. आत निम्मंच पाणी होतं. म्हातारी ओशाळली.

"दोगांत तेवडंच घ्या, बाई. भरून दिला आसता, पर सायेब यायचाय अजून."