आधी तुरटी, मग क्लोरीन

"क्लोरीन दुप्पट करा आणि दुपारी पाणी सोडा," साहेब फोनवर म्हणाले.

"आत्ता टाकलं तर लोक विष पितील, साहेब."

थोड्याच वेळात त्यांची जीप दारात उभी राहिली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या पुढे एका लहान जलशुद्धीकरण केंद्रावर मी केमिस्ट होतो. आमच्या साठवण तळ्यावर रंगाचा डबा सांडावा तसा हिरवा तवंग आला होता. काठाचं पाणी पिऊन दोन शेळ्या मेल्या होत्या. मायक्रोस्कोपखाली मण्यांच्या माळा दिसल्या. हे निळं-हिरवं शेवाळ. याच्या काही जाती विषारी असतात. हेच पाणी साहेबांच्या कॉलनीत जायचं आणि सगळ्यात शेवटी आमच्या बौद्ध वस्तीत. तिथवर क्लोरीन बऱ्याचदा उरायचंच नाही.

साहेब खुर्चीत बसलेच नाहीत. "'क्लोरीन हा आमचा हक्क' असं पत्रक वस्तीत कोणी वाटलं होतं? तुम्हीच ना? आता तुम्हालाच नको?"

"हक्क आहेच. फक्त आधी नको, नंतर."

आमच्याकडे क्लोरीनचे दोन डोस असायचे. एक तळ्याचं पाणी आत येताना, दुसरा शेवटी. मला पहिला बंद करायचा होता. शेवाळाची प्रत्येक पेशी ही विषाची पिशवी. क्लोरीन ती फोडतं. शेवाळ मरतं, पण विष पाण्यात विरघळतं आणि फिल्टरमधून सरळ पुढे जातं. म्हणून पेशी अख्ख्या असतानाच तुरटीने खाली बसवायच्या, गाळ लगेच काढायचा, पाणी वाळूतून गाळायचं. मग क्लोरीन टाकून पाणी टाकीत थांबवायचं. थोडंफार विष सुटलं असेल तर ते तिथे मोडतं.

"पाणी उशिरा गेलं तर मोर्चा येईल."

"आला तर मी पुढे उभा राहतो."

"एरवी तुम्ही मोर्चाच्याच पुढे असता," साहेब म्हणाले.

मी काचेच्या भांड्यांत तळ्याचं पाणी घेऊन तुरटीचे वेगवेगळे डोस टाकले. एका भांड्यात हिरवे पुंजके जमले आणि भराभर खाली बसले. वरचं पाणी नितळ. साहेबांनी भांडं उजेडात धरलं. "करा पहिला डोस बंद."

गाळलेल्या पाण्यात एकही माळ दिसली नाही, तेव्हाच मी शेवटचं क्लोरीन सुरू केलं.

संध्याकाळी वस्तीत हंड्यांची रांग लागली होती. सुमनमावशीने ओंजळ नाकाशी नेली. "वास नाय याला. औषध समदं साहेबाच्या कॉलनीत गेलं वाटतं."

मी नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं.

"आता साहेबाच्या नळाचं आण."

सायकल हाणत गेलो, बाटली भरून आणली. दोन्ही नळ्या शेजारी धरल्या. पिवळा रंग सारखाच.

"पिऊ का हे?" मावशीने नळीकडे बोट दाखवलं.

"नळीतलं नको, मावशी. हंड्यातलं प्या."

त्या पाण्याने कोणी आजारी पडलं नाही. मागणी करताना क्रम सांगावा लागत नाही. काम करताना तोच सांभाळावा लागतो. मावशी मात्र हंडा उचलताना म्हणाल्या, "पुढच्या पत्रकात तुरटी बी लिही."