एसटीनं आलेली काकू

"एसटी कुणाला आणायला येत न्हाय, पर येतो म्हणून खोटं बी बोलत न्हाय," राजमतीकाकू एकदा म्हणाल्या होत्या.

खोटं बोलणारा त्यांचा पुतण्या, अनेकांत. आई गेल्यावर याच काकूंनी त्याला भरवून वाढवला. आता त्यानं कोल्हापुरात बंगला बांधला, दारात पांढरी गाडी आली. वास्तूसाठी त्याचा फोन आला : "काकू, गाडी पाठवतो. पहिलं ताट तुमचं."

त्या दिवशी अष्टमी, काकूंचं एकासन. दिवसातून एकदा, एकाच बैठकीला जेवायचं. ताटावरून उठलं की जेवण संपलं, मग दुसऱ्या दिवशीच. जैनाच्या घरात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

काकू कागलच्या फाट्यावर ताटकळल्या. गाडी आली नाही. शेवटी एसटीत चढल्या. आत घाम, ओकारी आणि कुणाच्या तरी पिशवीतली सुकी मासळी, सगळे वास एकमेकांत कालवलेले. महामार्गावर पुढच्या खिडकीतून एकजण गुटखा थुंकला. वाऱ्यानं ती पिचकारी मागं आणली, काकूंच्या पांढऱ्या पदरावर.

"तोंड हाय का मोरी रं?"

"पुसा की आज्जी, रक्त न्हाय त्ये," म्हणत तो पुन्हा थुंकला.

स्टँडवरच्या नळाखाली काकूंनी पदर चोळला. डाग आणखी पसरला. सिटी बसनं बंगल्यावर पोचेपर्यंत दुपार कलली होती. अनेकांतची बायको दीपा हिनं ताट वाढलं. काकू पाटावर बसल्या, पहिला घास घेतला, तोच फाटकात पांढरी गाडी वाजली. अनेकांत सांगलीच्या बिल्डर पाहुण्यांना घेऊन उतरला.

दीपानं नाकाला पदर लावला. "काकू, तेवढं उठून मागच्या खोलीत बसता? वास मारतोय हो. पावणं आत यायल्यात."

काकूंनी पुतण्याकडं बघितलं. "अनू, आज अष्टमी हाय."

"ठाऊक हाय की! दोन मिनिटांचं काम. ताट तिकडं आणतो," असं म्हणत त्यानं ते उचललंसुद्धा. पाहुण्यांकडं बघून हसला. त्या हसण्यापुढं गुटख्याची पिचकारी स्वच्छ.

काकूंनी तोंडातला घास गिळला. उठल्या. हात धुतला.

"काकू, इकडं, मागं!" दीपानं हाक दिली.

दारात पाहुण्यांचे बूट काकूंच्या चपलांवर चढले होते. त्यांनी ते पायानं बाजूला सारले, आपल्या चपला ओढून घातल्या आणि फाटकाबाहेर पडल्या.