मागच्या भिंतीवरची काच

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझं माहेर जवळच, जेसल पार्कला. आईपाशी गेले की माझ्या पोटात काही म्हणता काही राहत नाही — तरी हे राहिलं. आज तुम्हाला सांगायला बसलेय, आणि अजूनही वाटतंय की आधी दुसरंच काहीतरी बोलावं.

मग सासूबाईंबद्दलच बोलते. त्यांनाही मी आईच म्हणते. लग्न होऊन सासरी, पालीला आले तेव्हा मासळी साफ करायला बसले की निम्मी वाया घालवायची मी. आई गुपचूप सगळी साफ करून ठेवायच्या आणि गल्लीत सांगत फिरायच्या, "आज सगलं सुनेनं केलंय." कुणाचाही विश्वास बसायचा नाही. त्यांना त्याची फिकीर नव्हती.

मागच्या खोलीत जमिनीत पुरलेलं एक उखळ होतं. उन्हाळ्यात गल्लीतल्या चार-पाच बायका तिथे मसाला कुटायला जमायच्या. मिरच्या भाजायच्या, गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या — माझ्यासमोर माझीसुद्धा! आणि सगळ्यांत जोरात मुसळ चालायचं आईंचं. मी शिंकून शिंकून हैराण. ऑफिसातून दमून यावं तर घरभर खकाणा. मला त्या उखळाचा राग होता. आईंचा नव्हता, उखळाचा. असं वेगळं करता येतं का हो?

त्याच खोलीच्या भिंतीला खालपासून तिरका तडा गेला. कॉन्ट्रॅक्टर आला, त्यानं तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. म्हणाला, काच टिकली तर घर बसायचं थांबलंय, तडा नुसता भरून घेऊ. काच फुटली तर घर अजून खचतंय, पाया उघडावा लागेल. त्या दिवसापासून आई सकाळी आंघोळ झाली की आधी देवाला आणि मग काचेला बघायच्या. मुसळ त्यांनी आपणहून बंद ठेवलं होतं. फक्त एकदा, लेकीला, माझ्या नणंदेला, पाठवायला म्हणून, थोडा मसाला कुटला. मी तेवढ्यावरून भांडले. भिंत तुमच्यामुळेच हलतेय, असंही बोलले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई बाजारात. मी मागच्या खोलीत जळमटं काढत होते, लांब दांड्याच्या झाडूनं. डोक्यात भांडण होतंच. दांडा फिरला आणि — टक्. एवढासाच आवाज. काचेचे दोन तुकडे, दोन्ही जागच्या जागी चिकटलेले.

मुद्दाम नाही केलं. खरंच नाही. पण तिथे काच आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी हात आवरता घेतला नाही. झाडू जागेवर ठेवला, चहा टाकला.

आईंनी काच पाहिली आणि लगेच कॉन्ट्रॅक्टरला बोलावून घेतलं. कॉन्ट्रॅक्टर आला, त्यानं विचारलं, "इधर कुछ ठोका-ठोकी होता है क्या?" आई माझ्याकडे बघत राहिल्या. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "होता है. मसाला कूटते हैं."

भिंत खचत होती की थांबली होती, हे सांगणारी तेवढी एकच काच होती. ती गेली, मग दुसरी लावून बघायला कोण थांबतंय? पाया तीन-तीन फुटांनी उघडला, खालून काँक्रीट भरलं. उखळ पहारीनं उखडलं. आता तिथे टाइल्स आहेत आणि माझा ग्रॅनाईटचा ओटा. मसाला आम्ही गिरणीतून कांडून आणतो. बायका येत नाहीत. कुणी विचारलं की आई सांगतात, "माज्यामुलं घर खचलं. सून आदीच बोलली हुती, मीच आयकलं न्हाय." आणि हे सांगताना त्यांना माझं कौतुक असतं हो! मला तिथून उठावं लागतं.

गेल्या वर्षी पुतणीचं लग्न झालं. आमच्यात हळद कुटायची असते, पहिला घाव घरातल्या थोरल्या सवाशिणीचा. तो मान आईंचा. शेजारणीच्या अंगणात उखळ मांडलं, बायका थांबल्या. आईंनी मुसळ हातात घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "माज्या हाताला लय जोर हाय," त्या म्हणाल्या, "आनी कुनाचं घर नको हलवायला. तू मार बाय, तुजा हात हलका हाय."

बायका माझ्याकडे बघत होत्या. तेव्हासुद्धा मी बोलले नाही. मुसळ घेतलं, पाच घाव घातले. माझ्या नव्या साडीला हळद लागू नये म्हणून आई माझा पदर मागून धरून उभ्या होत्या.